अस्तराचा हात

आमच्या शेतिकाँपमध्ये मीठ दोन्हीकडून येतं.
समुद्रावरून, सुएत सुटला की,
छपरं दोरांनी बांधायला लावणारा आमचा वारा;
आणि नोव्हेंबरपासून रस्त्यावरून,
बर्फ वितळावा म्हणून खात्याच्या ट्रकनं पसरलेलं.
जखमेवर मीठ म्हणतात.
इथं मीठ आधी येतं, जखम मागाहून.

पिकअप मी प्लासीदकडून घेतली. चुलतभाऊ.
सतराशे डॉलर, वर खेकड्यांची एक पेटी.
निळा रंग नवा होता, इतका नवा
की तेव्हाच विचारायला हवं होतं.

जूनमध्ये दाराखालच्या पट्टीवर फोड आला,
मसुरीएवढा.
नखानं टोकरला तर नख आत गेलं.
ग्राइंडर लावला. रंग गेला, मग लांबी निघाली,
बोटभर जाड, केकवरच्या साखरेसारखी,
लांबीत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी,
जाळीमागं चुरगळलेलं वर्तमानपत्र.
वाचता येत होतं.
हॉकीचा निकाल. त्याखाली म्हाताऱ्या झेलीच्या मयताची वेळ.
त्या मयताला मी गेले होते. प्लासीदही होता,
माझ्याच बाकावर, टोपी मांडीवर घेऊन;
प्रार्थना संपता संपता कानाशी म्हणाला,
गाडी काढायची म्हणतोय,
आधी घरच्यांना विचारावं.

पाणी कुठं मुरतंय ते असं कळलं.

जेरोमनं सडकं कापून नवा पत्रा जोडून दिला.
मी तो घासला, थिनरनं पुसला, पुन्हा पुसला.
आता हात लावू नकोस, तो म्हणाला,
बोटांनाही मीठ असतं.

इंव्हरनेसच्या दुकानात लॉक्लननं डबे मांडले.
राखाडी उचलला मी, स्वस्त होता म्हणून.
ठेव तो, म्हणाला. वाळतो लवकर, घासायला लोण्यासारखा,
पण स्पंज आहे नुसता. वरचा रंग चढायच्या आत
एक धुकं जरी आलं, तरी पिऊन बसेल,
आणि बाहेरून काही दिसणार नाही. दोन हिवाळे.
तांबडा, गेरूसारखा, कुंपणाला ठीक.
मग जस्ताचा. हा बघ, हा स्वतः झिजतो,
लोखंडाच्या वाटणीचं मरण आपल्यावर घेतो.
नको, म्हटलं.
आमच्या घरात असं एक माणूस होऊन गेलंय. पुरे.

तो हसला नाही. खालच्या फळीवरून
एपॉक्सीचे दोन डबे काढले, एक मोठा, एक छोटा.
सुटे सुटे काही कामाचे नाहीत.
एकत्र ढवळायचे, मग अर्धा तास
काहीही करायचं नाही. घाई करशील तर धरणार नाही.
गार दिवशी मारू नकोस. मास्क घाल, चांगला, कागदी नव्हे.
किंमत सांगितली.
मी पुन्हा एकदा राखाडीकडं पाहिलं,
मग पाकीट काढलं.

आज वारा पडलाय. गॅरेजच्या दारात ऊन.
मिश्रण ढवळून झालं, घड्याळ लावलं,
आणि त्या अर्ध्या तासात प्लासीद आला.
येणारच होता, गावात जेरोमचं तोंड उघडं असतं.
मी बाकावर सगळं मांडून ठेवलं होतं:
जाळी, लांबीचे तुकडे, आणि इस्त्री केल्यासारखा
हातानं सपाट केलेला तो कागद.
त्यानं वाकून वाचला. चष्मा नव्हता, तरी वाचला.
त्या दिवशी हरलो होतो, म्हणाला.
बराच वेळ हॉकीवरच राहिला.
मग डब्यात डोकावून,
एवढं महाग कशाला, कोण बघतं आतून?
राखाडीचा एक हात मारला असतास तरी...
वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

घड्याळात बारा मिनिटं उरली होती.
पलीकडच्या बाजूला काय आहे, प्लासीद?
मी विचारलं, ढवळणी पुसत, त्याच्याकडं न बघता.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, थांबलं.
त्यानं अंगातलं चांगलं जाकीट काढलं,
खिळ्याला अडकवलं, ग्राइंडर हातात घेतला,
वायर उलगडली.
तिकडं, म्हणाला,
जाळी दुहेरी आहे.