थांबायला लागणारा वेळ

लातूर, जुनी एमआयडीसी, डाळमिल, रात्रीचे साडेदहा.
मोटारीच्या पाटीवरची तुरीची धूळ अंगठ्यानं पुसून
मी वाचून घेतलं:
तीस एचपी, एक्केचाळीस अँपिअर, चौदाशे साठ.
ड्राइव्हमध्ये भरलं, ट्यूनिंग केलं.
मोटार थोडी गुणगुणली, गप्प झाली.
म्हणजे ओळख पटली.

पळते झकास. थांबण्याचाच घोळ.
लाल बटण दाबलं की डिस्प्लेवर दोन अक्षरं, ओयू,
ड्राइव्ह हात वर करतो
आणि एमरीचा रोलर मोकाट,
आपल्याच वजनावर दीड मिनिट.

जड फिरतं काही एकदम आवरायला गेलं
की ते उलटी वीज धाडतं.
खाणारी मोटार देणारी होते,
पाचशे ऐंशीचा डीसी आठशेवर चढतो,
आणि या डब्याला
घ्यायला शिकवलेलंच नाही कुणी.

थांबण्याचा वेळ उघडून पाहिला.
तीन सेकंद.
तीन कुणी ठेवलं हो?
चाळीस करते, म्हणाले. सावकाश थांबेल, ट्रिप होणार नाही.

झाकण काढलं होतं. मेन बंद.
आत चार्जचा दिवा अजून लाल,
तो विझेपर्यंत हात घालायचा नाही.
चनबसप्पा पोत्यावर बसला होता.
"म्याच केलं तीन," म्हणाला. "बटणं दाबून दाबून.
चाळीस कामून?
तवा ड्राइव्ह नव्हता, साधा स्टार्टर.
मालकीण आमची हितंच झाडायला वाकली,
पदर गेला पट्ट्यात.
म्या बंद केलं की लगेच.
ते फिरतंच होतं.
लुगडं जुनं होतं म्हनून फाटलं.
नवं असतं तर..."

दिवा अजून विझला नव्हता.

त्याला सांगणं आलं होतं
की त्याच्या तीननंच रोलर मोकाट सुटतो रोज,
की गेले दोन महिने
तो रोज ज्याला भीत होता तेच घडवत होता.
मी पाना शोधत राहिले. पाना हातातच होता.

गाडीतून रेझिस्टर आणला, वीस ओहमचा,
जाळीच्या पेटीतला, पॅनलच्या डोक्यावर बसवला.
तीन काही जमलं नाही.
पाच, ट्रिप. सहा.

चनबसप्पानं स्वतः बटण दाबलं.
ओठात मोजत होता.
सहाला रोलर उभा.
"पुन्यांदा."
पुन्हा चालू, पुन्हा लाल बटण, पुन्हा सहा.
"अजून येक डाव."

पाचव्या खेपेला मी म्हटलं, पुरे, तापेल तो.
तापलाच होता.
जाळीवर पडलेली धूळ भाजत होती,
सगळ्या मिलमध्ये
तव्यावरच्या तुरीचा वास.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं:
थांब ६ से. बदलू नये.
खाली तारीख.
चनबसप्पा म्हणाला, ठळक लिवा.