फिरवण्याचे किती

घर सत्तेचाळीस नंबरचं, कॅटलॉगमधलं.
भिंती कारखान्यातून येणार, खिडक्यांसकट,
दोन ट्रक, एक क्रेन, कुह्मोपर्यंत तीन दिवस.
"मग आर्किटेक्ट कशाला?" इल्पो म्हणाला,
"तिच्या फीमध्ये सौना होतो."

तुलिक्की काही बोलली नाही.
तिनं परस्पर फोन केला होता.

साइमी आली. टेप काढलाच नाही.
गुडघाभर बर्फात उभी राहून विचारलं,
फेब्रुवारीत कॉफी कुठं पिता?

तुलिक्कीनं हात केला
तळ्याच्या टोकाकडं, जिथं
अकरानंतर जरासं ऊन टेकतं.
कॅटलॉगात तिथं बॉयलर होता.

साइमीनं कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला
आणि नुसता फिरवला,
बॉयलर उत्तरेला जाईपर्यंत.

इल्पो बराच वेळ वाकून बघत राहिला.
मग घसा खाकरून:
"नुसतं फिरवण्याचे किती?"