अकरा फुटांची गल्ली

एकतीस वर्षं मी नगर निगमात नकाशे काढले,
त्यामुळे भांडणाआधी टेप आणते.
आमची रामबागेतली गल्ली: अकरा फूट.
लोकांच्या पायऱ्यांनी खाल्लेला: एक.
पुष्करची नवी गाडी, आरसे उघडले की सात.
उरले तीन. तीन फुटांत
स्कूटर जाते, गाय जाते (तिची मर्जी असली तर),
कचऱ्याची पिवळी गाडी जात नाही.
ती कोपऱ्यावर गाणं वाजवत थांबते
आणि आम्ही बादल्या घेऊन पळतो,
गुडघे असलेले आणि नसलेले, सगळे.

आडनाव टिल्लू, आणि गाडी ही एवढी!
पोरं हसतात. पुष्करही हसायचा
आधीची छोटी गाडी होती तोवर.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बैठक.
कढीकचोरी आली, मुद्दे आले:
डिझेल किती पिते, एकटाच तर बसतोस,
गल्ली काय तुझ्या सासऱ्यांची?
पंक्चरवाला शकूर दारातूनच म्हणाला,
"भिया, हवा तो सबमें हवा ही भरती है."
पुष्कर बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"मानपूरच्या उतारावर मागून ट्रक आला.
गाडी काडेपेटीसारखी चेपली.
शलाका चार महिने पाठीवर होती.
तुम्ही सगळे डबे घेऊन आलात, आठवतंय मला.
पण आता मला पत्रा जाड हवा."

कुणी कचोरी खाईना.
मीच म्हटलं, म्हणजे तोंडातून गेलं,
"तुझा जाड झाला की आमचा पातळ होतो रे."
बैठक तिथंच मोडली. अर्ज लिहायचं
माझ्यावर आलं, अक्षर चांगलं म्हणून.

त्याच आठवड्यात, रात्री अडीचला,
ह्यांचा श्वास अडकला.
मी टिल्लूंचंच दार वाजवलं.
पुष्कर बनियनवर आला, ह्यांना उचलून
मागच्या सीटवर असं निजवलं
जसं घरातलं कुणी निजवेल.
मी पुढे. चढताना दांडीला लोंबकळले.

आणि खरं सांगते, बरं वाटलं.
खड्डे लागेनात. इंदूर खाली गेलं.
भिंतींच्या वरून लोकांच्या गच्च्या दिसल्या,
कुणाची वाळत राहिलेली चादर,
जिथं तीस वर्षं वर बघत चालले
तिथं मी वरून बघत होते.

रीगलच्या अलीकडे
बॉनेटच्या कडेवर काहीतरी हललं.
झाडूचं टोक. नुसतं टोक.
"थांब!" मी ओरडले. तो थांबला.
रात्रपाळीची बाई वाकून झाडत होती,
कंबर सरळ केली तेव्हा कुठे
चमकत्या पट्ट्यांचं जाकीट उगवलं
आणि तिनं वर बघितलं, माझ्याकडे.
"काय झालं, काकू?"
"काही नाही. चल लवकर."
एम.वाय.ला पोचलो बावीस मिनिटांत नाही, नऊ मिनिटांत.

हे घरी आले. खोकतात, चहा मागतात.
अर्ज मी पुरा केला.
गल्ली अकरा. पायऱ्या एक. गाडी सात.
दुपारी टेप लावून आणखी एक घेतलं:
बॉनेट, जमिनीपासून, चार फूट.
त्याखाली अंदाजानं (मी अंदाज कधी लिहीत नाही)
वाकलेली: तीन फूट आठ.

सहीच्या आधी पुष्करलाच नेऊन दिला,
त्याच्या पायरीवर, त्याच्याच गाडीच्या सावलीत.
सगळा वाचला त्यानं, मान हलवत,
आकडे मान्य असल्यासारखा.
शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबला.
"काकू, ही तीन फूट आठ कोण?"