निरोप

ओळ एकशे बेचाळीसवर
आठ वर्षांपूर्वी मी लिहून ठेवलं होतं:
"अवैध वस्तू. कोड ४०७."
तेव्हा मी तेवीस वर्षांची, त्यातून शुक्रवार,
आणि खाली अंगणात कुणीतरी कोकरू भाजत होतं.
नंतर बघू, म्हटलं.

परवा सामुद्रधुनीवर वारा उठला.
पोर्वेनीरची बोट दोरखंडांनी धक्क्याला जखडली
आणि वेळापत्रकातून तिचं नाव पुसलं गेलं.
तिकिटाच्या यंत्राने बोटीला हाक मारली.
बोटीच्या जागी काहीच नव्हतं,
त्या काहीच-नाहीला ते विचारत राहिलं:
किती वाजता सुटतेस?
मग चूक फेकली गेली,
एका वर्गातून वरच्या वर्गात, तिथून आणखी वर,
झेलायला कुणी हात पुढे केला नाही,
आणि ती पडद्यावर येऊन आदळली
एलिसेओ बारियांच्या पुढ्यात.
वय एकोणऐंशी. काखेत बायकोचे एक्स-रे.

त्यांनी टोपी काढली.
ओठ हलवत पुन्हा वाचलं. अवैध.
खिशातून ओळखपत्र काढून
यंत्रासमोर धरलं,
जरा थांबले,
मग उलटं करून मागची बाजूही दाखवली.

तक्रारीबरोबर चित्रफीत आली होती, आवाज नसलेली.
मी ती तीनदा पाहिली. चौथ्यांदा लावली नाही.

माझे बाबा, ईवो, पुंता आरेनासच्या रेडिओवर
दुपारी निरोप वाचायचे.
बेटावरच्या मेंढवाड्यांना तेव्हा फोन नव्हते.
"तीन ओढ्यांवरच्या एर्ना मान्सियासाठी:
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
गुरुवारी फाट्यावर घोडा पाठवा."
कुणाला, काय झालं, आता काय करायचं.
एवढ्यात सगळं आलं पाहिजे, म्हणायचे,
ऐकणारा एकटा असतो
आणि त्याला उलट विचारता येत नाही.
माईकपुढे ते खोकतसुद्धा नसत.
घरी मात्र खूप खोकायचे.

आज सकाळी नवा वर्ग लिहिला: बंदर-बंद.
त्याचा बाप तोच, सगळ्या चुकांचा बाप,
जो जन्मभर आकडे पुटपुटत आला.
लेकराने वारशात सगळं घेतलं,
पडल्याची वेळ, ओळीचा क्रमांक,
कुठून कुठे गडगडत आलो त्याची यादी.
फक्त बोलणं घेऊ दिलं नाही मी.
ते माझ्या बापाचं दिलं.

बंदर वाऱ्यामुळे बंद आहे.
आज बोट सुटणार नाही.
हेच तिकीट उद्या चालेल.
चूक तुमची नाही.

रोद्रिगो खांद्यावरून डोकावला.
पडद्यावर तीन ओळी मावतात, म्हणाला, शेवटची उडव.
मी पहिली उडवली.
वारा काय, त्यांना दारातून दिसतोच.

मग हात थांबेना.
कार्डाची मुदत संपलेल्यांसाठी एक,
कुत्र्याचं तिकीट विसरलेल्यांसाठी एक,
ट्रकवाल्या गोयकोविचसाठी खास:
"मेंढ्या अकरा जास्त आहेत. आम्ही मोजल्या."
दुपारी जेवायची राहिले.
संध्याकाळी रोद्रिगो विचारत होता,
किती पोरं झाली?
सदतीस.

अडतिसावं अडलंय.
सगळ्यात तळाचं, जे बाकी कुणीच झेललं नाही
ते झेलणारं.
काय झालं हे मलाच ठाऊक नसेल
तेव्हा काय सांगायचं?
लिहिलं: "काय बिघडलं ते आम्हालाही कळलेलं नाही.
खिडकीपाशी या, माणूस आहे."
लिहून बरं वाटलं.
मग धक्क्यावर फोन करून विचारलं.
ब्रिस्ना म्हणाली, मी सहाला निघते,
शेवटची बोट सातची.

तो एक तास आहे.
त्या तासासाठी ओळ अजून रिकामी आहे,
आणि खिडकीची काच वाऱ्याने
चौकटीत थरथरतेय.