कार्ड जागं झाल्यावर

वोरूला जानेवारीत चार वाजायच्या आत दिवस आवरतो.
लेइदा घसरगाडीवरून काँप्युटर ओढत आणते,
घोंगडीत गुंडाळलेला, वरून दोरी.
दारात पाय आपटून बर्फ झाडते, म्हणते,
"उर्मास, हा हल्ली फार विचार करून बोलतो."

लावून बघतो. खरंच की.
खिडकी ओढली तर मागे स्वतःचे तुकडे सांडत जाते.
पान सरकवलं तर वरून खाली उतरतं,
भिंतीला चुन्याचा हात द्यावा तसं, पट्टा पट्टा.

नव्या कर्नलला जुनं कार्ड ओळखू येईना.
ओळख नाही, म्हणून फ्रेमबफर.
म्हणजे काय, ते तिला सांगतो:
मेमरीत आखून दिलेला एक चौकोन.
त्यात लिहाल ते पडद्यावर. बस्स.
लिहिणारा एकटा प्रोसेसर.
पत्रं त्यानेच आणायची, हिशेब त्यानेच ठेवायचा,
आणि वर हे तेरा लाख ठिपकेही
एकेक करून त्यानेच रंगवायचे.
शेजारी कार्ड बसून आहे,
शेकडो हात मांडीवर ठेवून.
त्याच्या भाषेत त्याला कुणी हाकच मारत नाही.

लेइदा हातमोजे काढते, सावकाश.
"आमच्या डेअरीत होता असा एकजण. ओसेटियाचा.
घड्याळं दुरुस्त करायचा म्हणे, तिकडे.
आम्हाला त्याची भाषा येईना.
बावीस वर्षं बाटल्या मोजल्या त्याने."

फ्रेमबफरची निंदा मात्र मी करणार नाही.
रात्री अडीचला सगळं काळं पडतं
तेव्हा तोच उभा राहतो,
काय बिघडलं ते पांढऱ्या अक्षरांत सांगतो.
त्याला झोपता येत नाही, उजेड मंद करता येत नाही,
दुसरा पडदा जोडलात तर दखलही घेत नाही.
पण दिल्या चौकोनाला जागतो.

तीन रात्री गेल्या.
कंपनीने या कार्डावरून हात कधीच झटकलेत.
ड्रायव्हर लिहिला तो कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी,
बंद दाराला कान लावून,
आतल्या खुडबुडीवरून घराचा नकाशा काढावा तसा.
फर्मवेअरची एक फाईल नव्हती. एवढंच निघालं.
ठेवली. पुन्हा सुरू केला.
पडदा क्षणभर काळा
(इथे माझा श्वास अजून अडतो)
आणि मग खिडकी बोटाबरोबर आली,
गोठल्या तळ्यावर ढकललेल्या बशीसारखी.
धापा टाकणारा पंखा गप्प.

सुरुवातीच्या यादीत, अगदी तळाशी,
एक ओळ ठेवून दिली: साधा पडदा.
"अडलंच कधी, तर," तिला म्हटलं.

सोमवारी तिचा फोन. "छान चालतो."
मग थांबली.
"मांजर रुसलंय. डब्यावर निजायचं ते,
आता डबा गार.
आणि नातवाचा फोटो उघडला की
आधी कपाळ यायचं, मग भुवया,
हनुवटीपर्यंत पोचायला वेळ लागायचा.
आता एकदम सगळाच येतो."

"पहिल्यासारखा करून देऊ?"
"छे! वेड लागलंय का मला?"

गुरुवारी उणे सव्वीस.
पुन्हा फोन, दुसऱ्याच कामाचा, सरपणाबद्दल काहीतरी.
तिच्या आवाजामागे
पंखा धापा टाकत होता.
मी काही विचारलं नाही.