चार-दहाची गाडी

तपकीर गल्लीत तांबोळींच्या काउंटरवर
मी रंग सांगते, ते आकडे ऐकतात.
तपकिरी, काळा, नारिंगी: पन्नास नग द्या.
"दहा हजारांचा विरोध! कुणाला एवढा, ताई?"
हा विनोद अकरा वर्षं जुना आहे.
मी अकरा वर्षं हसते.

धनकवडीच्या आमच्या गॅलरीत
सहा बाय तीनच्या प्लायवर
घोरपडीचं फाटक आहे,
खऱ्याहून सत्त्याऐंशी पट लहान,
ताटकळत ठेवण्यात मात्र तेवढंच मोठं.

राळेचा धूर चष्म्यावर येतो.
कथील क्षणभर पाणी होतं,
मग विचार बदलतं.
टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं
या बोटांनी हेच केलं:
कुणाला कुणाशी बोलायचंय, जोडून दिलं.
काय बोलले ते ऐकलं नाही
(असं सांगायची आमच्यात पद्धत आहे).

दोन स्लीपरांच्या मध्ये
तिळाएवढी दोन भोकं.
एकात दिवा, जो आपल्याला दिसत नाही.
दुसऱ्यात डोळा, ज्याला फक्त असलाच उजेड दिसतो.
इंजिन वरून गेलं
की उजेड त्याच्या पोटावर आपटून डोळ्यात परततो.
डोळा बोर्डाला सांगतो, बोर्ड रिलेला,
रिले म्हणतं, टक्.
सिग्नल लाल.
निळी चिमुकली मोटर कण्हत कण्हत
दांडा खाली आणते,
आणि रस्त्यावर थांबतात
पीएमटीची एक बस, कलिंगडांचा टेम्पो,
लुनावर एक बाई.
बाई मीच.
साडी नेलपॉलिशची आहे.

मार्चमध्ये फाटक आपोआप पडायला लागलं.
गाडी यार्डात, ट्रान्सफॉर्मर बंद,
आणि चार वाजून दहा मिनिटांनी
टक्.
वायरी तपासल्या. अर्थिंग तपासलं.
तांबोळींना फोन करून बोलून घेतलं.
पालीवर आळ घेतला.
शेवटी एका दुपारी चहाचा पेला घेऊन
फरशीवरच बसले, पाळतीवर.

ऊन ग्रिलमधून आलं.
चौकोनी ग्रिल, म्हणून चौकोनी ऊन,
एकामागे एक सात खिडक्या,
आत कुणी नाही.
फरशीवरून सरकत प्लायवर चढलं,
थर्माकोलच्या डोंगराला वळसा घातला,
न वाजता, न हलता म्हणावं इतकं हळू
फाटकापाशी आलं.
डोळ्याला काय, उजेड तो उजेड.

भाची म्हणाली, "सोप्पंय, मावशी. चार ओळी.
उजेड हळूहळू वाढला तर गाडी नाही असं समजायचं."
शाल्मलीची बोटं कीबोर्डवर होती सुद्धा.
मी म्हटलं, थांब.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
माझं वय मोजत असल्यासारखं.

खऱ्या फाटकावर मी किती वर्षं उभी राहिले,
चारची ड्यूटी, डोळा घड्याळावर,
मालगाडीचे डबे शिव्यांनी मोजत.
गाडी कधी पाहिलीच नाही.
ती फक्त संपायची.

आता वेळापत्रकात नोंद आहे, माझ्याच अक्षरात:
'अप. चार-दहा. थांबा एकोणीस मिनिटं.
ढगाळ दिवशी रद्द.
वेळ ऋतूप्रमाणे बदलेल, प्रवाशांनी चौकशी करू नये.'
शाल्मलीनं त्या चार ओळी लिहिल्याच,
पण पुढे दोन तिरक्या रेघा मारून ठेवल्या.
बोर्ड त्या वाचत नाही.

आज चार-चौदाला आली.
टेम्पो थांबला. बस थांबली.
लुनावरच्या बाईच्या मनगटावर
घड्याळ रंगवायचं राहिलंय, हे मला दिसलं.
ब्रश हातात होता.
तो मी पाण्यात बुडवून ठेवला
आणि सहावी खिडकी जाईपर्यंत
तिच्याशेजारी थांबले.