गंगाजळी

डोरीन ह्रित्साक खजिनदार झाली तेव्हा
संस्थेकडे दोन लाख बारा हजार डॉलर होते
आणि एक नवी व्हॅन.
म्हाताऱ्या स्टेफानचं गव्हाचं शेत विकून आलेले.
त्याला मूलबाळ नव्हतं. मूत्रपिंडं होती, ती गेली.
आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सॅस्काटूनला,
एकशे साठ किलोमीटर जायचे, तेवढेच परत यायचे,
आणि शेजारी आळीपाळीने गाडी काढायचे.
त्याने मृत्युपत्रात लिहिलं :
माझ्यानंतरच्यांना उपकार मागायला लागू नयेत.

तेव्हा नुसत्या व्याजात पेट्रोल निघायचं.
डोरीन मुद्दलाकडे बघायचीसुद्धा नाही.

आपण याला गंगाजळी म्हणतो.
इथली नदी पाच महिने गोठलेली असते,
माणसं तिच्यावरून चालत पलीकडे जातात.
खाली किती पाणी उरलंय
हे वरून कळत नाही.

मग व्याज निम्म्यावर आलं.
मग पहिली ठेव मोडली.
मोडताना आवाज झाला नाही काहीच,
एक सही, आणि बँकेतल्या मुलीने विचारलं,
बाहेर अजून वारा आहे का?

हीटर. गिअरबॉक्स. विमा, दरवर्षी थोडा जास्त.
अनुदानाचा अर्ज, बावीस पानांचा,
त्यात एक रकाना : तुमच्या कामाचा नावीन्यपूर्ण पैलू.
डोरीनने लिहिलं, आम्ही वेळेवर पोचतो.
अनुदान आलं नाही.
चर्चच्या तळघरात बायकांनी पिरोही विकले,
सहाशे चाळीस डॉलर जमले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
थेंबे थेंबे तळं साचतं हे खरंच,
आटतंही तसंच.

यंदाच्या ताळेबंदात शिल्लक एक्केचाळीस हजार तीनशे.
हिशेबनिसाने खाली एक वाक्य जोडलंय,
सभ्य, लांबलचक, सावरून लिहिलेलं,
आजार सांगताना डॉक्टर लिहितात तसं.
डोरीनने समासात पेन्सिलने भागाकार केला :
एका फेरीला एकशे अठरा.
साडेतीनशे फेऱ्या.

सभा संपल्यावर अँब्रोज फाफार्ड मागे थांबला,
टोपी हातात, दंडावरची शीर दोरीसारखी फुगलेली.
म्हणाला, शनिवारची फेरी मी सोडू शकतो.
एखाद्या शनिवारी. पेट्रोल वाचेल.

डोरीन बराच वेळ खुर्च्या आवरत राहिली.
त्याला कसं सांगायचं
की व्हॅन तशीही जाणार, बाकीच्या तिघांसाठी.
मागच्या वर्षी आयरीन गेली, त्याआधी पीट,
खर्च एका सेंटानेही उतरला नाही.
रिकाम्या सीटलाही
तेवढंच पेट्रोल लागतं.

ती म्हणाली, सहाला निघतो आपण.
पावणेसहाला दाराशी उभे राहा,
आणि मोजे दोन घाला,
हीटर मागच्या बाजूला पोचत नाही.